जुन्या विंडोजवर ब्राउझर पुन्हा पुन्हा बंद पडतोय? आधी घड्याळ बघा, मग फोल्डर

नागपूरच्या महाल भागात माझ्या मामांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांची देणगी कुपनं असलं काम. तिथला कॉम्प्युटर विंडोज ७ वर चालतो आणि पुढेही चालणार. पत्रिका ज्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये बसवतात, त्याचा डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी लागणारी किल्ली) मागच्या जुन्या प्रिंटर पोर्टला लागतो आणि त्याचा ड्रायव्हर ३२-बिटच्या पुढे कधी गेलाच नाही. तेव्हा "नवीन घेऊन टाका" आणि "लिनक्स टाका" हे दोन्ही सल्ले इथे बाद. गिऱ्हाइकाचा मजकूर मात्र आता मेलवर नाहीतर मेसेजच्या वेब पानावर येतो, म्हणजे चालू काळातला ब्राउझरही हवाच.

गेल्या दीड वर्षात मामांचा हाच फोन मला सात-आठ वेळा आला असेल. "काहून बे, ते तुझं ब्राउझर पुन्हा उघडून नाही राह्यलं. गिऱ्हाईक बसलं आहे समोर." मी जायचो, काहीतरी करायचो, चालू व्हायचं. महिना-दीड महिन्यात पुन्हा तेच. शेवटी ऐन लग्नसराईतल्या एका रविवारी, कूलर सुरू करून, मुळापर्यंत जायचं ठरवलं. निघालं असं, की हा एक बिघाड नव्हताच. तीन वेगळे बिघाड आळीपाळीने येत होते, आणि तिन्ही ब्राउझरच्या बाहेरचे होते. मी मात्र दर वेळी ब्राउझरची नवी बिल्ड, म्हणजे तयार करून ठेवलेली आवृत्ती, उतरवून वरवरची मलमपट्टी करत होतो.

थोडी पार्श्वभूमी. विंडोज ७ चा सर्वसाधारण सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमची या विंडोजवर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. फायरफॉक्सची ११५ ईएसआर, म्हणजे लांब मुदतीची आवृत्ती. तिची मुदत फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने नंतर पुन्हा पुन्हा वाढवली. त्यापुढचं जे काही आहे ते स्वयंसेवकांच्या जिवावर. सुपरमियम ही क्रोमियमवरची (क्रोम ज्या खुल्या पायावर उभा आहे त्यावरची) बिल्ड, थेट विंडोज एक्सपीपर्यंत मागे जाणारी. आरथ्रीडीफॉक्स फायरफॉक्सवरची. एक्सपीवाल्यांसाठी मायपाल. पेल मून स्वतःच्या वेगळ्या इंजिनवर. ही मंडळी पगारावर नाहीत, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

ते नेमकं काय करतात, हे मामांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळी कंपोझिटरसमोर खणांची पेटी असायची. मजकुरात एखादं जोडाक्षर आलं आणि त्या खणात खिळाच नसला, की काम तिथेच थांबलं. नवा ब्राउझर विंडोजकडे असाच एकेक खिळा मागत असतो. काही खिळे विंडोज ८ किंवा १० मध्येच आले. सातच्या पेटीत ते खणच नाहीत. स्वयंसेवक दोनपैकी एक करतात. एक तर मजकूर असा बदलतात की तो खिळा लागणारच नाही, नाहीतर स्वतः खिळा पाडून शेजारच्या डबीत ठेवतात. ती डबी म्हणजे ब्राउझरसोबत येणारी जादा डीएलएल फाइल. सुपरमियममध्ये तिचं नाव प्रॉगरॅप. मामा म्हणाले, "मग डबी हरवली तर?" नेमकं तेच झालं होतं, पण ते थोड्या वेळाने.

पहिला बिघाड: ब्राउझर उघडतो, पण एकही साइट उघडत नाही

प्रत्येक पानावर "युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट", आणि खाली बारीक अक्षरांतल्या कोडच्या शेवटी "डेट इनव्हॅलिड". उजव्या कोपऱ्यात बघितलं, तर १ जानेवारी २००९.

मामा रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडतात. गल्लीत एकदा शॉर्ट सर्किट झालं, तेव्हापासूनची सवय. वीज पूर्ण बंद असताना मदरबोर्डचं घड्याळ एका नाण्याएवढ्या सेलवर चालतं, सीआर २०३२. कॅबिनेट उघडून मल्टिमीटर लावला, तर ३ व्होल्टच्या जागी १.९. म्हणजे रोज सकाळी कॉम्प्युटर २००९ मध्ये जागा व्हायचा. मामा तारीख हाताने लावायचे, पण घाईत दिवस-महिना बरोबर आणि वर्ष तसंच. साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे ती खरी असल्याच्या दाखल्याला, 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. २००९ मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरच्या हिशोबाने आजचं सर्टिफिकेट अजून जन्मायचं आहे, मग तो ते कशाला मानेल?

"विंडोज इंटरनेटवरून वेळ आपोआप लावतं ना?" लावतं, पण घरगुती वापराच्या विंडोज ७ मध्ये ते मुळात आठवड्यातून एकदा विचारतं. शिवाय फरक १५ तासांपेक्षा जास्त दिसला, की सर्व्हरनेच काही गडबड केली असावी असं समजून दुरुस्ती नाकारतं. आधी तारीख-वर्ष हाताने नीट लावायचं, मगच 'अपडेट नाऊ' दाबायचं. आणि सेल बदलायचा. सीताबर्डीला कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. सेल बदलल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन तारीख आणि बूटचा क्रम एकदा तपासून घ्या.

तारीख बरोबर आहे आणि तरी काहीच साइट नकार देतात, तर गोष्ट वेगळी. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेटं पूर्वी ज्या जुन्या रूटच्या, म्हणजे मूळ सर्टिफिकेटच्या, आधारावर मान्य व्हायची, तो ३० सप्टेंबर २०२१ ला कालबाह्य झाला. ज्या विंडोजमध्ये नवा रूट पोचलाच नाही, तिथे हजारो छोट्या साइट एका रात्रीत 'असुरक्षित' झाल्या. फायरफॉक्सच्या घराण्यातले ब्राउझर रूटची यादी स्वतःजवळ ठेवतात, म्हणून ही सोपी चाचणी करा: तीच साइट फायरफॉक्सवरच्या बिल्डमध्ये उघडते आणि दुसऱ्यात नाही, तर दोष बहुधा त्या दुसऱ्याच्या रूट यादीत आहे, जुन्या क्रोमियमच्या बाबतीत म्हणजे विंडोजच्या यादीत. दोन्हीकडे नाही उघडली, तर अँटिव्हायरस वाटेत बसून एचटीटीपीएस (साइटची सुरक्षित जोडणी) तपासतोय का ते बघा.

दुसरा बिघाड: "एंट्री पॉइंट नॉट फाउंड"

हा सगळ्यांत जास्त वेळा आला आणि सगळ्यांत जास्त डोकं याने खाल्लं. आयकॉनवर दोनदा क्लिक केलं, की एक करडी चौकट: अमुक प्रोसीजर एंट्री पॉइंट तमुक डीएलएलमध्ये सापडला नाही. म्हणजेच, खिळा नाही.

या चौकटीतलं नाव वाचल्याशिवाय 'ओके' दाबू नका. फोटो काढून ठेवा. नावात बरंच काही असतं. "गेटसिस्टमटाइमप्रिसाइजअॅजफाइलटाइम" दिसलं, तर हे फंक्शन विंडोज ८ पासूनचं. तुम्ही नवीन विंडोजसाठीची बिल्ड उतरवली आहे. "प्रोसेसपीआरएनजी" दिसलं, तर मूळ बहुधा रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत आहे. रस्टच्या कंपायलरने मे २०२४ मधल्या १.७८ पासून विंडोजची किमान पायरी १० केली. फायरफॉक्समध्ये रस्टचा भरपूर भाग असल्याने त्यावरच्या बिल्ड करणाऱ्यांना वेगळी वाट काढावी लागते. "एपीआय-एमएस-विन-सीआरटी" ने सुरू होणारी फाइल मिसिंग म्हणाली, तर युनिव्हर्सल सीआरटीचं (अनेक प्रोग्रामना लागणाऱ्या विंडोजच्या सामायिक फाइलींचं) अपडेट नाही: केबी २९९९२२६. केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचा नंबर.

पण मामांकडे बिल्ड बरोबर होती. मीच उतरवली होती, आठवडाभर चाललीही होती. मग?

फोल्डर उघडलं आणि 'डेट मॉडिफाइड'वर क्लिक करून फाइली तारखेने लावल्या. एका फोल्डरमध्ये दोन घराणी दिसली. बहुतेक फाइली नव्या तारखेच्या, आणि मुख्य डीएलएलसह चार-पाच फाइली दोन महिन्यांपूर्वीच्या. मी फोनवर मामांना सांगितलं होतं, "नवीन झिप त्याच फोल्डरमध्ये एक्स्ट्रॅक्ट करा, सगळ्याला येस म्हणा." त्यांनी तसंच केलं. पण क्रोमियमच्या घराण्यात एक सेटिंग असतं, खिडकी बंद केली तरी मागे चालू राहण्याचं. ब्राउझर मागे जिवंत, त्यामुळे त्याच्या मुख्य फाइली वापरात, त्यामुळे झिप म्हणालं "फाइल इन यूज", आणि मामांनी 'स्किप' दाबलं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मीही तेच दाबलं असतं. धड नवं, डोकं जुनं. अशी बिल्ड कधी करड्या चौकटीने मरते, कधी काही न बोलता.

यावरचा उपाय साधा आहे आणि तेव्हापासून हा बिघाड एकदाही आलेला नाही. जुन्या फोल्डरवर नवं कधीच पसरायचं नाही. डी ड्राइव्हवर 'ब्राउझर' नावाचं एक फोल्डर, त्यात प्रत्येक आवृत्तीचं आपल्या नंबरचं वेगळं फोल्डर. प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग असलेलं फोल्डर) मात्र या सगळ्यांच्या बाहेर, एकाच जागी. क्रोमियमवरच्या बिल्डमध्ये शॉर्टकटच्या 'टार्गेट'च्या शेवटी एक जागा सोडून दोन डॅश, मग यूजर-डेटा-डिर, बरोबरचं चिन्ह आणि प्रोफाइलचा पत्ता लिहायचा, सगळं अर्थात इंग्रजी अक्षरांत. फायरफॉक्सच्या घराण्यात एक डॅश, प्रोफाइल आणि पत्ता. नवी आवृत्ती आली की शॉर्टकट तिच्याकडे वळवायचा. मागची एक आवृत्ती ठेवायची, तिच्या मागची पुसायची. आणि ते 'मागे चालू राहा' सेटिंग बंद. त्यानंतरही टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझरची एखादी ओळ उरली आहे का, हे बघूनच पुढचं काम.

एक सावधगिरी. प्रोफाइल नव्याकडून जुन्या आवृत्तीकडे नेलं तर बिनसतं. फायरफॉक्स स्पष्ट सांगतो की हे प्रोफाइल नव्या आवृत्तीने वापरलेलं आहे; दुसरे ब्राउझर काही न सांगता बुकमार्क गमावतात. म्हणून आवृत्ती बदलण्याआधी प्रोफाइलची एक कॉपी. पासवर्ड मात्र कॉपीवर सोडू नका. क्रोमियममधले पासवर्ड त्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद असतात, फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेलं तर उघडत नाहीत. आधी एक्सपोर्ट करून घ्या, नव्या जागी भरा आणि ती फाइल लगेच पुसा. साध्या मजकुरात सगळे पासवर्ड असलेली फाइल डेस्कटॉपवर पडलेली मी एकीकडे पाहिली आहे. नाव होतं 'पासवर्ड नवीन फायनल'.

तिसरा बिघाड: डबीच हरवली

फोल्डर स्वच्छ, तारीख बरोबर, काल संध्याकाळपर्यंत चालू, आज "अमुक डीएलएल इज मिसिंग". फोल्डरमध्ये बघितलं, तर स्वयंसेवकांनी सोबत दिलेली ती जादा फाइल खरोखरच गायब.

ती अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइली कोंडून ठेवायच्या जागी, सापडली. तसा त्याचा दोष म्हणता येणार नाही. अनोळखी नावाची, कुठल्या मोठ्या कंपनीची सही नसलेली, थोड्या लोकांकडे असलेली आणि विंडोजच्या फंक्शनच्या जागी स्वतः उभी राहणारी फाइल. संशय यायला एवढं पुरे. दर काही आठवड्यांनी त्याची ओळखयादी अपडेट झाली की नवा संशय. आमच्या 'महिन्या-दीड महिन्या'चं गूढ इथे उकललं.

पण लगेच 'एक्स्क्लूजन', म्हणजे तपासणीतून सूट, टाकू नका. आधी ती फाइल खरी आहे ना, हे ठरवा. बिल्ड नेहमी ती करणाऱ्याच्या स्वतःच्या रिलीज पानावरूनच घ्यायची, 'फ्री डाउनलोड'च्या दुकानांतून कधीच नाही. तिथे एसएचए-२५६ ची ६४ अक्षरांची ओळ, म्हणजे त्या फाइलचा अंगठ्याचा ठसा, दिलेली असेल तर ती जुळवायची. त्यासाठी वेगळं काही लागत नाही. विंडोजमधला सर्टयुटिल हा आदेश हॅशफाइल पर्याय, झिपचं नाव आणि शेवटी एसएचए२५६ देऊन कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवला, की तुमच्या झिपची ओळ मिळते. सगळी अक्षरं जुळली, तरच त्या एका फोल्डरपुरती सूट द्या. आख्ख्या ड्राइव्हला नाही.

काहीच न बोलता मेला तर

चौकट नाही, आवाज नाही, आयकॉन क्षणभर चमकतो आणि संपलं. इथे 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडायचं, अॅप्लिकेशनच्या नोंदीत लाल खूण शोधायची आणि 'एक्सेप्शन कोड' वाचायचा. शेवट '१डी' असेल, म्हणजे सी०००००१डी, तर प्रोसेसरला न समजणारी सूचना मिळाली आहे. ही चूक माझी होती. जोरात चालते म्हणून एव्हीएक्सवाली (प्रोसेसरच्या नव्या, वेगवान सूचना वापरणारी) बिल्ड मी हौसेने उतरवली. मामांचा पेंटियम ड्युअल-कोर. सीपीयू-झेड या प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या सूचनांची यादी एसएसएसई३ या जुन्या संचाला संपते. इंटेलने एव्हीएक्स आणलं २०११ मध्ये, आणि त्यानंतरही पेंटियम-सेलेरॉनला ते कित्येक वर्षं दिलं नाही. तेव्हा "माझा तर २०१३ चा आहे" यावर विसंबू नका, सीपीयू-झेड उघडून बघा. बिल्डच्या नावात एव्हीएक्स, एव्हीएक्स२, एसएसई३ असं लिहिलेलं असतं, ते शोभेसाठी नसतं.

खिडकी उघडते पण आत पांढरं किंवा काळं? ग्राफिक्स. शॉर्टकटला दोन डॅश आणि डिसेबल-जीपीयू लावून बघा. चाललं, तर आधी ड्रायव्हर बघा आणि विंडोज ७ चं प्लॅटफॉर्म अपडेट आहे का ते, केबी २६७०८३८. मे महिन्यात ४५ अंशांत "डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग" असं येत असेल तर ब्राउझर सोडा, कॅबिनेट उघडा. मामांच्या पंख्यावर कागदाच्या भुशाचा नमदा बसला होता.

विंडोजची अपडेटंच बसत नसतील, तर सर्व्हिस पॅक १ नंतर आधी केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९, आणि रीस्टार्ट. यानेच एसएचए-२ सह्या (मायक्रोसॉफ्टच्या नव्या अपडेटांवरच्या डिजिटल सह्या) ओळखता येतात. त्याशिवाय पुढचं काही घेतच नाही. दोन्ही मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगवर मिळतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा आणि पेन ड्राइव्हने आणा.

एक्स्टेन्शन सगळी एकदम बंद झाली असतील आणि फायरफॉक्स जुना असेल, तर कारण तारखेचंच, फक्त वेगळ्या तारखेचं. मोझिलाचं सही तपासणारं एक रूट सर्टिफिकेट १४ मार्च २०२५ ला संपलं. ईएसआर ११५.१३ किंवा त्यापुढे गेलात की प्रश्न मिटतो.

एकच साइट "तुमचा ब्राउझर जुना आहे" म्हणते, बाकी सगळं ठीक, तर ती बहुतेक वेळा फक्त ब्राउझरने सांगितलेलं नाव वाचत असते. त्या साइटपुरता यूजर एजंट, म्हणजे हे नाव, बदलणारं एक्स्टेन्शन पुरतं. नाही पुरलं, तर त्या साइटला खरंच एखादी नवी सोय लागते, आणि तिथे आपलं काही चालत नाही. क्रिकेट किंवा सिनेमा दाखवणाऱ्या साइट मात्र सोडूनच द्या. त्यांना व्हिडिओची कॉपी रोखणारं वाइडवाइनचं कुलूप लागतं, आणि ते स्वयंसेवकांच्या बिल्डला सहसा मिळत नाही. मामा दुपारी मॅच मोबाइलवर बघतात.

इतकं करूनही अडलं, तर बिल्ड करणाऱ्याला कळवायचं. पण कसं? मामांनी एकदा माझ्या खात्यावरून लिहिलेला निरोप असा होता: "ब्राउझर चालत नाही, लवकर करा, सीझन आहे." फुकट काम करणाऱ्या, दुसऱ्या देशातल्या माणसाला हे वाचून काय कळणार? मी नंतर पाठवलेल्यात एवढं होतं: विंडोज ७ एसपी१, ३२-बिट, प्रोसेसर, रॅम, बिल्डचा पूर्ण नंबर, मागची कुठली आवृत्ती चालत होती, चौकटीतला मजकूर जसाच्या तसा, आणि कोऱ्या प्रोफाइलवरही तेच होतं. शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. अर्ध्या तक्रारी कोऱ्या प्रोफाइलवर आपोआप विरतात, माझ्याही विरल्या आहेत. आणि लिहिण्याआधी तीच तक्रार कोणी केली आहे का, हे शोधा.

बँकेचं आणि जीएसटीचं काम मी या कॉम्प्युटरवरून बंद करवलं. ब्राउझर कितीही ताजा असला तरी खालचं विंडोज भोकाभोकाचं आहे, आणि स्वयंसेवक ती भोकं बुजवत नाहीत. मामा कुरकुरले. मग म्हणाले, "बरं, ते पोराच्या लॅपटॉपवर करतो. पण ते चौकोन काढून दे."

चौकोन म्हणजे रुपयाचं चिन्ह. हे चिन्ह ठरलं जुलै २०१० मध्ये, विंडोज ७ बाजारात आलं ऑक्टोबर २००९ मध्ये; मूळ फॉन्टमध्ये ते नाहीच. गिऱ्हाईक मेलमध्ये दर लिहितं आणि पानावर आकड्यांच्या आधी रिकामा चौकोन. ब्राउझर बदलून हे जात नाही. केबी २४९६८९८ घातलं आणि गेलं. इमोजींचे चौकोन केबी २७२९०९४ ने बरेचसे गेले, रंग आले नाहीत, पण पत्रिकेला रंगीत इमोजी कोण लावतं. डीटीपीतल्या जुन्या फॉन्टमध्ये मात्र ते चिन्ह आजही नाही. तिथे मामा 'रु.' टाइप करतात, पूर्वीसारखंच.